तेर ते मुंबई : दिवसांचं अंतर, तासांचं अंतर

आपल्या कार्यक्रमात आज आपण अंतराचा इतिहास ऐकणार आहोत. अंतराला कसला इतिहास, असं तुम्ही म्हणाल. मुंबई जिथं होती तिथंच आहे, धाराशिव जिथं होतं तिथंच आहे. पण दोघांमधला वेळ मात्र प्रत्येक पिढीत बदलला. तो कुणासाठी कमी झाला आणि कुणासाठी तसाच राहिला, हे बघण्यासारखं आहे.

हा विषय निघाला आमच्या बचत गटांच्या बैठकीत. एका ताईंच्या मुलीनं मोबाईलवर ‘धाराशिव ते मुंबई विमान’ असं शोधलं. मोबाईलनं लगेच सांगितलं : अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, उड्डाणाची वेळ तासाच्या आत. बायका चकित झाल्या. धाराशिवहून विमान कधी सुरू झालं? तर सुरू झालेलंच नाही. मोबाईलनं नकाशावरचे दोन ठिपके घेतले, मधली सरळ रेघ मोजली, तिला विमानाच्या वेगानं भागलं, चढण्या-उतरण्याची थोडी मिनिटं वर टाकली आणि उत्तर दिलं. गणित बरोबर, पण विमान नाही. मग आम्ही ठरवलं, की या साडेतीनशे किलोमीटरची पूर्ण गोष्टच एकदा रेडिओवर सांगायची.

सुरुवात आपल्या तेरपासून करू. संत गोरा कुंभारांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती देणारं एक पुस्तक लिहिलं. ‘पेरिप्लस’ या नावानं ते ओळखलं जातं. त्यात त्यानं लिहून ठेवलंय, की भरुच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे. तिथून गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, सुती कापड आणि मलमल भरुचला येते. तिथून ती जहाजांत चढायची. हे तगर म्हणजेच आपलं तेर, असं फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९०१ साली मांडलं. तेरच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंमध्ये रोमशी झालेल्या व्यापाराच्या खुणा आहेत. तेरच्या संग्रहालयात ज्या गेल्या असतील त्यांनी त्या पाहिल्या असतील. नसाल गेलात, तर गटाची सहल काढा.

त्या व्यापाऱ्यानं अंतर मैलांत लिहिलं नाही, दिवसांत लिहिलं. आपल्या जिल्ह्याबद्दलची ही जगातली फार जुनी लेखी नोंद, आणि ती नेमकी प्रवासाला लागणाऱ्या वेळेची आहे. आता आपण हिशेब करून बघू. पैठण ते तेर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. दहा दिवस म्हणजे रोजचे पंधरा किलोमीटर. भरुच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर. वीस दिवस म्हणजे रोजचे साडेसतरा. वळणं-वळसे धरले तर भरल्या बैलगाडीनं दिवसाकाठी व्हावी इतकीच ही चाल. म्हणजे त्या माणसाचा हिशेब पक्का होता.

आपल्या आज्या-पणज्यांनीही अंतर असंच मोजलं. कोस होते, पण बाईचं माप वेगळं. ‘तांबडं फुटायला निघालं तर दिवस कलायच्या आत माहेर’, ‘एका भाकरीची वाट’, ‘दोन मुक्कामांवर पंढरपूर’. या मापात वाटेचा चढ असतो, ओढ्याचं पाणी असतं, कडेवरचं लेकरू असतं. पावसाळ्यात ओढा भरला, की तेच माहेर लांब जायचं. लमाण तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरायचे, तेही मुक्कामांच्याच हिशेबानं. अंतर म्हणजे किती लांब एवढंच नाही, तर पोचायला किती वेळ, किती शक्ती आणि किती पैसा, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं.

मग आली आगगाडी. १८५३ साली मुंबई ते ठाणे गाडी धावली आणि १८६० पर्यंत रूळ सोलापूरला पोचले. पण सोलापूर इंग्रजांच्या राज्यात आणि आपण निजामाच्या. मोठी रेल्वे आपल्या कडेनं निघून गेली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी छोटी गाडी सुरू झाली. तिचे रूळ फक्त अडीच फूट रुंद. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं बांधलेली ही बार्शी लाइट रेल्वे पुढं आपल्या भागात शिरली आणि १९११ साली लातूरला पोचली. वेग बेताचाच. पण बैलगाडीनं कित्येक दिवस लागायचे ती मुंबई आता एक-दोन दिवसांवर आली. कापूस, तेलबिया, धान्य बाहेर जाऊ लागलं.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. ही गाडी जिल्ह्याच्या गावातून जात नव्हती. धाराशिवच्या माणसाला वीसेक किलोमीटरवरच्या येडशीला जाऊन गाडी धरावी लागायची. म्हणजे गाडीचा वेळ वेगळा आणि गाडीपर्यंत पोचायचा वेळ वेगळा. हे रडगाणं शंभर वर्षं चाललं. पुढं रुंद रूळ टाकताना मार्ग वळवला आणि २००७-०८ मध्ये धाराशिव शहरात गाडी आली. आता रात्री गाडीत बसलं, की सकाळी मुंबई.

१९११ हे साल मुद्दाम लक्षात ठेवा. ज्या वर्षी छोटी गाडी लातूरला पोचली, त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला अलाहाबादला आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानं साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेऊन विमान उडवलं. यमुना ओलांडून नैनीला उतरला. अंतर दहाएक किलोमीटर, वेळ पाव तासाच्या आत. विमानानं टपाल नेण्याची ही सुरुवात आपल्या देशात झाली. म्हणजे आपल्याकडं अडीच फुटी रूळ येत होते तेव्हा तिकडं विमान नदी ओलांडत होतं.

असंच दुसरं जोडीचं साल म्हणजे १९३२. त्या वर्षी जूनमध्ये निजामाच्या रेल्वेनं बससेवा सुरू केली. २७ गाड्या आणि १६६ नोकर, एवढ्यावर ती सुरू झाली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा सकाळी कराचीहून एका छोट्या विमानात टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले. अहमदाबादला थांबून दुपारी मुंबईत जुहूला उतरले. सुमारे हजार किलोमीटरच्या या वाटेला सातएक तास लागले. आगगाडीनं त्याच वाटेला याच्या कितीतरी पट वेळ लागायचा. पुढं त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट तीच डाक घेऊन बेळ्ळारीला मुक्काम करून मद्रासला गेले. जुहूहून बेळ्ळारीची सरळ रेघ काढली, तर ती आपल्या जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडून जाते. म्हणजे आपल्या शेजारच्या आभाळातून विमान जाऊ लागलं तेव्हा खाली बैलगाडीच चालू होती.

निजामाच्या राज्यालाही विमानाची हौस होती. १९४५ साली ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी निघाली. त्यात निजामाची रेल्वे आणि टाटा यांची भागीदारी होती आणि तिचा कारभार हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून चाले. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता, म्हणून ही कंपनी एका अर्थानं आपलीच. आणि मैत्रिणींनो, याच कंपनीनं प्रेम माथुर या तरुणीला वैमानिकाची नोकरी दिली. साल १९४७. त्याआधी आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला होता. बाई विमान चालवतेय म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, असं त्या म्हणत. प्रेम माथुर या प्रवासी विमानाच्या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वैमानिक ठरल्या. दोनच वर्षांनी, १९४९ साली, राष्ट्रीय विमान शर्यत त्यांनी जिंकली. आमच्या गटातल्या मुलींना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

१९४८ मध्ये विमानाचं दुसरं रूप आपल्या लोकांनी पाहिलं. निजाम भारतात यायला तयार नव्हता. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून विमानानं शस्त्रं आणत होता. बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर ती उतरायची. कराची ते बिदर सरळ रेषेत तेराशे किलोमीटरच्या आसपास, आणि मधला सगळा मुलूख भारताचा. आपल्या उमरग्याहून बिदर किती जवळ, ते तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौज सोलापूरहून निघाली आणि पहिली लढाई नळदुर्गला झाली. नळदुर्ग, तुळजापूर त्याच दिवशी हाती आलं. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. सोलापूर ते हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर, आणि एका राज्याचा शेवट व्हायला पाच दिवस. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायका ‘पोलीस ॲक्शन’च्या त्या दिवसांबद्दल सांगायच्या. घरात अजून कुणी असतील, तर त्यांच्याकडून ऐकून घ्या, लिहून ठेवा.

आता मोबाईलच्या त्या गणिताकडं येऊ. दोन विमानतळांमधलं अंतर मोजतात तरी कसं?

आमच्या बैठकीत आम्ही लाल भोपळा आणि दोरा घेतला. भोपळा म्हणजे पृथ्वी. त्यावर दोन ठिकाणी खुणा केल्या आणि दोरा ताणून धरला. ताणलेला दोरा जिथून जातो, ती दोन गावांमधली सगळ्यांत जवळची वाट. जवळच्या गावांत ही रेघ जवळपास सरळच दिसते. पण लांबच्या देशांत ती वाकडी दिसते, कारण भिंतीवरचा नकाशा सपाट असतो आणि भोपळा गोल. म्हणूनच ९ जानेवारी २०२१ ला अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला निघालेलं विमान उत्तर ध्रुवाजवळून आलं. थेट अंतर सुमारे १४ हजार किलोमीटर, वेळ सतरा तासांच्या आसपास. दोरा ताणून बघा, तो तसाच वरच्या टोकाजवळून जातो. त्या विमानाच्या चारही वैमानिक बायका होत्या. कॅप्टन झोया अग्रवाल प्रमुख, सोबत पापागरी तन्मयी, आकांक्षा सोनवरे आणि शिवानी मन्हास. त्याच्याही आधी, १९८५ साली, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या हाताखाली सगळ्या बायकांनीच चालवलेलं आपल्या देशातलं पहिलं प्रवासी विमान कोलकाता आणि सिल्चरच्या दरम्यान उडालं होतं.

आता जवळचं उदाहरण घेऊ. सोलापूर ते मुंबई. रेल्वेनं ४५५ किलोमीटर. रस्त्यानं चारशेच्या आसपास. विमानाच्या सरळ रेषेत सुमारे ३६०. बघा, गाव तेच, अंतरं तीन. रेल्वेला घाट सोपा करावा लागतो, म्हणून ती वळसे घेते. रस्ता थोडा कमी वळतो. विमानाला ना घाट ना नदी.

पण वेळ? साडेतीनशे किलोमीटर म्हणजे आठशेच्या वेगानं अर्धा तासही नाही. मग तिकिटावर तास-सव्वा तास का लिहितात? कारण विमान जागेवरून हललं, की वेळ मोजायला सुरुवात होते. धावपट्टीपर्यंत सरपटत जायचं, पाळी येईपर्यंत थांबायचं, मग चढायचं. उतरताना वेग कमी करत यायचं. मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी तर आभाळातही घिरट्या घालत पाळी धरावी लागते. एसटी स्टँडवर फलाट रिकामा होईपर्यंत गाडी बाहेर उभी राहते ना, तसंच. जवळच्या प्रवासात हा चढण्या-उतरण्याचा वेळच जास्त असतो. शिवाय वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा येताना कमी लागतो. अंतर तेच, वारा पाठीशी.

विमान उतरताना एकदम खाली येत नाही. साधारण तीन अंशांच्या उतारानं येतं. म्हणजे धावपट्टीपासून एक किलोमीटरवर असताना ते जमिनीपासून फक्त पन्नासेक मीटर उंच असतं. म्हणून वाटेत उंच काही चालत नाही. सोलापूरला विमानतळाजवळ साखर कारखान्याची उंच चिमणी होती. तिच्यावरून कितीतरी वर्षं वाद चालला. एका बाजूला शहराला विमान हवं होतं, दुसऱ्या बाजूला ऊस घालणाऱ्या सभासदांचा कारखाना होता. दोन्ही बाजूंना आपलीच माणसं. १५ जून २०२३ ला ती चिमणी पाडली. नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईचं. तारीख बघा, १५ ऑक्टोबर. टाटा कराचीहून जुहूला उतरले त्याला त्याच दिवशी ९३ वर्षं झाली होती.

मराठवाड्यात त्याच्या आधी नांदेडला सरकारच्या ‘उडान’ योजनेतून विमान आलं. २७ एप्रिल २०१७ ला या योजनेची पहिली विमानं सुटली, त्यात नांदेड ते हैदराबाद हे एक होतं. तासाभराच्या प्रवासाला काही जागांचं भाडं अडीच हजारांच्या आसपास ठेवायचं, अशी ती योजना.

आणि आपलं धाराशिव? आपल्याकडंही धावपट्टी आहे. २००९ साली राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळानं नांदेड, लातूर, धाराशिव, बारामती आणि यवतमाळ अशा पाच धावपट्ट्या ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं एका खासगी कंपनीला दिल्या. पण धाराशिवहून तिकीट काढून बसावं असं नेहमीचं विमान सुरू झालं नाही. ९५ वर्षं म्हणजे आपल्या नातवंडांच्याही पुढची गोष्ट. जमीन गेली, कुंपण झालं, मोबाईलमध्ये ठिपका आला. दोन विमानतळांमधलं अंतर त्या ठिपक्यामुळं निघतं. वेळ काढायला मात्र विमान लागतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचा हिशेब. वही-पेन घ्या. लोहारा तालुक्यातल्या एखाद्या गावातली ताई धरू. तिला परळच्या टाटा रुग्णालयात जायचंय. विमानानं जायचं ठरवलं. गावातून तालुक्याच्या स्टँडवर यायला, गाडीची वाट बघण्यासकट एक तास. तिथून सोलापूर, अडीच तास. विमानतळावर दीड तास आधी पोचायचं. विमान सव्वा तास. उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. तिथून परळ, दीड तास. बेरीज करा. सव्वाआठ तास. त्यात विमानाचा सव्वा तास, म्हणजे सहाव्या हिश्श्याहून कमी. बाकी सात तास जमिनीवरचे. आणि रात्रीच्या गाडीनं धाराशिवहून निघाली असती, तर झोपेत साधारण तेवढ्याच वेळात आणि कितीतरी कमी पैशांत पोचली असती.

याचा अर्थ विमान नको, असा नाही. ज्याला तातडीनं जायचंय, ज्याची नोकरी दूर आहे, ज्याचा माल नाशवंत आहे, त्याला विमान हवंच. भूमचा खवा उन्हात किती टिकतो, ते तिथल्या भट्टीवाल्या ताईंना विचारा. पण वेळ वाचवायचा असेल तर तो मधल्या साडेतीनशे किलोमीटरमध्ये जितका वाचतो, तितकाच दोन्ही टोकांच्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये वाचू शकतो. आणि ती टोकं म्हणजे आपलीच गावं. तगरच्या गाड्या जिथं अडकायच्या, तिथंच आपणही अजून अडकतो : गावापासून मोठ्या वाटेपर्यंत.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणी विसरू शकत नाही. तीन वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात जमीन हादरली. हजारो माणसं गेली. ज्यांना पहिल्या काही तासांत बाहेर काढलं, ती बरीचशी शेजाऱ्यांच्या हातांनी निघाली, कारण मदत कुठूनही निघाली तरी तिला गावापर्यंत पोचायला वेळ लागतोच. पुढच्या पुनर्वसनात आपल्या भागातल्या कितीतरी बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केलं. घर कसं बांधायचं, हे घरोघरी जाऊन सांगितलं. बायका एकत्र येऊन काय करू शकतात, हे या जिल्ह्यानं तेव्हा पाहिलं.

अंतर कमी करण्याची आणखी एक मोठी गोष्ट याच जिल्ह्यात घडली आणि ती आपल्यालाच फारशी माहीत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर हा आपल्या भागातल्या बायकांचा मोठा शत्रू. पूर्वी दुखणं हाताबाहेर गेल्यावर बाई मुंबई-बार्शीला जायची. १९९९ पासून मुंबईचं टाटा रुग्णालय, बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि कॅन्सरवर संशोधन करणारी जागतिक आरोग्य संघटनेची संस्था यांनी मिळून आपल्या जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका त्यात होत्या. गावंच्या गावं चार गटांत वाटली. तीन गटांत वेगवेगळ्या तपासण्या केल्या, चौथ्याला नेहमीचीच सेवा. त्या चौथ्या गटावरून पुढं टीकाही झाली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पण २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं, की एचपीव्ही नावाच्या विषाणूची एकदाच केलेली तपासणीसुद्धा या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते. आज जगभर या तपासणीचा आग्रह धरतात, त्यामागं धाराशिवच्या बायकांच्या नमुन्यांचा मोठा वाटा आहे.

विचार करा. इथं बाई मुंबईला गेली नाही. तपासणी गावात आली. शेकडो किलोमीटरचं अंतर गावच्या आरोग्य उपकेंद्राइतकं झालं. विमानानं ते इतकं कमी झालं नसतं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की आपण अंतर आपल्या मापानं मोजायला शिकावं. नकाशा किलोमीटर सांगेल, मोबाईल मिनिटं सांगेल. आपण घरापासून घरापर्यंतचा वेळ, खर्च आणि सोबत कोण लागतं, हे मोजावं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा किलोमीटर एकही कमी झालं नाही. पण कितीतरी बायकांसाठी दवाखाना, बाजार आणि माहेर जवळ आलं. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. ती आपल्या वस्तीवर प्रत्यक्षात किती मिनिटांत येते, पावसाळ्यात किती, रात्री किती, हे आपल्याशिवाय कोण मोजणार?

तर या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एवढं काम करा. वहीत चार रकाने आखा. पहिल्यात ठिकाण लिहा : उपकेंद्र, तालुक्याचं रुग्णालय, धाराशिव किंवा सोलापूरचं मोठं रुग्णालय, आठवडी बाजार, बँक. दुसऱ्यात किलोमीटर. तिसऱ्यात प्रत्यक्ष लागणारा वेळ, गाडीची वाट बघण्यासकट. चौथ्यात जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेला रोज. प्रत्येकीनं आपल्या वस्तीचं लिहायचं. तांड्यावरच्या ताईचं आणि रस्त्याकडेच्या ताईचं उत्तर वेगळं येईल, ते तसंच लिहा. मग हा कागद ग्रामसभेत वाचा. सकाळची एसटी नऊऐवजी आठला हवी, पाणंद रस्त्याला मुरूम हवा, ओढ्यावर फरशी हवी, असं जे निघेल ते ठरावात घ्या.

दोन हजार वर्षांपूर्वी परक्या व्यापाऱ्यानं आपल्या तेरची वाट दिवसांत मोजून लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती कळते. आता आपल्या वाटा आपण मोजू आणि आपल्या अक्षरात लिहू. वहीची पानं आमच्याकडं पाठवा, पुढच्या कार्यक्रमात त्यातली काही वाचून दाखवू.